बाही

लोकर आणि भुसावळ, ही मुळात थट्टाच.
मे महिन्यात सत्तेचाळीस अंश,
नळाचं पाणी चहाला चालेल असं,
आणि आम्ही सहा जणी
बऱ्हाट्यांच्या दुकानात लडी दाबून बघतो,
गालाला लावून बघतो, टोचते का.

पालला जायचं ठरलं जानेवारीत. तीन दिवस, नुसतं विणायला.
घरी कोणी धड खरं सांगितलं नाही.
कोकिळा भंगाळे म्हणाली, शिबिर आहे.
शिबिर म्हटलं की घरातले गप्प बसतात.
रुकसाना तडवी म्हणाली, पालला मावसबहीण आहे.
ती आहेच. फक्त तिच्याकडे जायचं नव्हतं.
मी सांगितलं, विणायला जाते.
हे म्हणाले, ते तर तू इथेही करतेस.
इथे मी कुकरच्या शिट्ट्या मोजते, म्हटलं,
टाके मधेमधे.

आठवडाभर पिशवी भरली, रिकामी केली.
दहा नंबरच्या सुया, कडेसाठी बारा नंबर,
चष्मा, दुसरा चष्मा,
आणि पार्सल ऑफिसात टेबलाखाली सुरू केलेला
तो एका बाहीचा स्वेटर.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली, बाही अजून एकच.
ज्याच्यासाठी टाके घातले होते तो भाचा
आता पुण्यात दाढी वाढवून फिरतो.

खिरोद्यानंतर केळीच्या बागा मागे राहिल्या.
सागाची मोठी पानं रस्त्यावर,
बसच्या चाकाखाली पापडासारखी वाजत होती.
विश्रामगृहाच्या व्हरांड्यात पोचलो
आणि पहिल्यांदा वाटलं, लोकरीला इथे काही अर्थ आहे.

दोघींनी समोरासमोर बसायचं,
एकीच्या दोन्ही हातांवर लडी, दुसरीने गुंडा करायचा.
हात अडकलेले असले की माणूस खरं बोलतं.
कोकिळाने त्या दुपारी पिवळी लडी संपेस्तोवर
सुनेबद्दल चांगलंच सांगितलं,
आम्ही जरा निराश झालो.

हर्षाली सगळ्यांत धाकटी, मोबाइलवर बघून शिकलेली.
धागा डाव्या हातात धरते!
आम्ही पाचही जणी सुया थांबवून बघत राहिलो,
जसं कोणी डाव्या हाताने जेवतंय.
मग लक्षात आलं, तिच्या चार ओळी झाल्या आमच्या तीनमध्ये.

रात्री चौकीदार नारसिंगने तुराट्या पेटवून
बामणोदची वांगी भाजली.
कळण्याची भाकर, भरीत, वर कच्चं तेल.
तेलाचा हात लोकरीला नाही,
म्हणून दोन तास कोणी सुईला शिवलं नाही,
बोटं मात्र मांडीवर हलत होती.

सकाळी तो खाट विणायला बसला.
सुतळी वरून, खालून, दोन सोडून एक.
मी स्वेटर घेऊन शेजारी टेकले.
त्याने नुसतं बघितलं आणि बोट ठेवलं:
इथं घर सुटलंय, बाई.
अकरा ओळी खाली. पार्सल ऑफिसातल्या कुठल्याशा दुपारी
कोणीतरी खिडकीवर टकटक केलं असणार.
राहू द्यायचं का, मी विचारलं.
तुमची मर्जी, तो म्हणाला,
पण खाट असती तर रात्री बोलली असती.

उसवलं. सगळ्याच्या सगळ्या अकरा ओळी.
जुना धागा कुरळा होऊन मांडीत पडला,
इतक्या वर्षांची सवय मोडत नव्हती त्याची.
वाफेवर धरला, तरी जरा कुरळाच.

शेवटच्या रात्री लाइट गेली.
कोणी मेणबत्ती शोधायला उठलं नाही.
अंधारात सुयांचा आवाज,
रुकसानाची पुटपुट, सुलट, सुलट, उलट,
लांब सुकी नदीकडे कसलंतरी ओरडणं,
आणि कोकिळा: मेलं, माझे चाळीसचे एक्केचाळीस कसे झाले?

परतीला कंडक्टर म्हणाला, काय केलं तीन दिवस?
दाखवायला काही नव्हतं.
माझ्याकडे होत्या त्याच अकरा ओळी, पुन्हा.
सावद्याच्या गतिरोधकावर बस उडाली
आणि एक टाका सुईवरून घसरला.
मी त्याच्याकडे बघत बसले.
पकडला, पण फैजपूर आल्यावर.