सायलेन्सर

पाथर्डी फाट्यापासूनच ऐकू यायची माझी गाडी.
हेडजवळचा एक नट कुठे गळून पडला कळलं नाही,
दुसऱ्याचा स्टड आतच मोडला.
सहा महिने तारेने बांधून
अंबडची सेकंड शिफ्ट केली.

गांगुर्डे म्हणाला, जोर लावू नका,
जोरानेच मोडलाय हा.
रॉकेल सोडलं, चहा मागवला,
सारडा सर्कलकडची गर्दी ओसरेपर्यंत
नुसता बघत बसला.
मग मोडक्या बुडख्यावर नट ठेवून
वेल्डिंगचा एक टिपका,
लाल असतानाच पाना,
अर्धा फेरा इकडे, पाव तिकडे,
कुरकुरत
आला बाहेर, किडक्या दाढेसारखा.

नवं गॅस्केट, पितळी नट. एकशे ऐंशी झाले.
"चार दिवसांनी या परत आवळायला.
तापलं की ढिलं होतंच."

रात्री पावणेबाराला दारात उभा.
आत अंधार, तवा गार.
शैला डोळे चोळत आली,
आवाजच नाही आला तुमचा, म्हणाली,
कणीक मळून ठेवलीय कधीची.

मी खिशातून स्टड काढला,
ओट्यावर ठेवला, मिठाच्या बरणीशी.
तिने गॅस पेटवला, मग तो उचलून पाहिला.
एवढासाच?