दुरुस्तीची वही : झोपे, सावदा

पहिली नोंद एकाहत्तरची.
'लीलाधर झोपे, सावदा. अँप्लिफायर, घरी जोडलेला.
तक्रार : गुणगुणतो.'
तक्रार मीच लिहिली होती. त्याने फक्त पेटी ठेवली.
दोन व्हॉल्व्ह बदलले, अर्थिंग बसवलं,
अकरा रुपये घेतले.

चौथ्या दिवशी पॅसेंजरने परत भुसावळला,
पेटी मांडीवर, तापलेलं पोर धरावं तशी.
गुणगुण कुठे गेली?
काढली, म्हटलं.
परत घाला. तो माझा सा होता.

तेव्हा कळलं,
तारेतली वीज एकाच पट्टीत गाते,
आणि थांबत नाही म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.
याने गिटार तिच्याशी जुळवली होती.
सहा तारा स्वतःच्या,
सातवी विद्युत मंडळाची.

रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये वाजवला एकदाच,
नाताळच्या आदल्या रात्री.
ड्रायव्हर पिंटोच्या मुली नाचायला आलेल्या,
सँडल काढून बसून राहिल्या.
एकच गाणं, चाळीस मिनिटं,
आणि शब्द म्हणजे वॅगनींचे नंबर,
बाप सावद्याच्या धक्क्यावर केळी भरताना
ओरडायचा तसेच, त्याच दमाने.
शेवटी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
नंतर बाहेर एक इंजिन शिटी देऊन गेलं,
तो म्हणाला, बरोबर आहे.

मुंबईत तबकडी निघाली. तीनशे प्रती.
तिथे कुणी जिभेवर ठेवायला कागदाचा कपटा दिला,
तिकिटाएवढा.
त्या तिकिटावर तो कुठवर गेला, कुठे उतरला,
मी विचारलं नाही.
परतीचं नव्हतं, एवढं दिसत होतं.

मे महिना, शेहेचाळीस डिग्री, अंगावर घोंगडी,
केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात उभा,
कान पानाला.
आई म्हणायची,
तुले वाजवाचं ते वाजव, पन जेवून घे रे पोर्‍या.
कळण्याची भाकरी, भरीत, उंबर्‍यावर झाकलेलं.
दुसर्‍या दिवशी तेच, मुंग्यांसकट.

धुळ्याला सिव्हिलमध्ये शॉक दिले.
भेटायला गेलो होतो मी, केळी घेऊन,
सावद्याच्या माणसाला केळी. काय सुचणार?
कसं वाटलं, विचारलं.
म्हणाला, पट्टी तीच होती.
पण फार जवळून.

मग दार लावलं ते सव्वीस वर्षं.
आडनाव झोपे आणि माणूस रात्रभर जागा,
गावाने हा विनोद नातवंडांपर्यंत पुरवला.
पण लोडशेडिंग सुरू झालं, बारा-बारा तासांचं,
सगळं खानदेश शिव्या घालत होतं,
आणि इकडे वीज गेली की कडी निघायची.
तो ओट्यावर येऊन बसायचा, साधा माणूस.
कापसाचा भाव, कुणाची सोयरीक,
तापीला पाणी किती.
आई अंधारात त्याचं डोकं चोळायची.
दिवे आले की वाक्य अर्धं टाकून आत.
ती दिव्याला हात जोडत नसे.

एकदा एक गोरा आला, हातात तबकडी,
मागे माझ्या दुकानाचा पत्ता छापलेला.
तिकडे तिची किंमत, म्हणाला, एवढी.
एवढ्यात माझं दुकान आलं असतं.
रिक्षाने नेलं त्याला. नेमकी वीज होती.
खिडकीच्या गजांमागून झोपेच बोलला,
झोपे? ते वारले.
आणि आतून एक फणी दिली,
गजांतून जाईना म्हणून एकेक केळ तोडून.
गोरा रडला. सालीसुद्धा पिशवीत भरल्या.

आता खरंच वारला. पुतण्याने पेटी आणली,
भंगारात घ्या म्हणाला.
रात्री लावून पाहिली. व्हॉल्व्ह माझेच.
अर्थिंग मीच सोडवलेलं, तसंच.
बायको आतून म्हणाली, बंद करा ना ते.

बंद केलं.
मग फ्रिज ऐकू यायला लागला.