रकाना अकरा

महापालिकेनं तक्ते खुले केलेत, कुणीही बघावेत.
मी बघते, रात्री, शेजारचे माग थांबले की.
(वडगावात ते साडेदहाच्या आत थांबत नाहीत.
त्याला रकाना नाही.)

प्रभाग आडवे, बाबी उभ्या.
मथळे कानडीत, आकडेसुद्धा.
कानडी सहा नि नऊ मला अजून फसवतात;
वाटलं, आमच्याकडे पाणी सहाव्या दिवशी.
शांतव्वाला विचारलं.
‘सा कुटलं गं, नऊ. मोजतो की मी.’
तिच्या मोरीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा.
तक्ता आणि भिंत जुळली.
मला उगाच आनंद झाला,
वाईट बातमी खरी निघाल्याचा.

आप्पा जकार्डच्या पट्ट्या ठोकायचे.
पुठ्ठ्यावर भोक, म्हणजे धागा वर.
भोक नाही, धागा खाली.
एका कुयरीला दोनशे चाळीस पट्ट्या,
आणि एक भोक चुकलं तर साडीभर
तेच मोडकं पान, लग्नात मिरवायचं.
‘नक्षी एका पट्टीत दिसत नसते,’ म्हणायचे,
‘सगळ्या ओवून मागावर चढव, मग बोल.’

म्हणून ओवल्या.
एक पट्टी: वॉलमन बसू कुठल्या गल्लीला
किती वाजता पाणी सोडतो.
आमच्या गल्लीला रात्री दोन चाळीस.
दुसरी: खांबावरच्या बंद दिव्यांच्या तक्रारी.
तिसरी सरकारी दवाखान्याची, हाडांचा विभाग,
तारीखवार, वय, बाई की बाप्या.

मनगटं.
चाळिशीपुढच्या बायकांची मनगटं, बहुतेक उजवी,
पाण्याच्या रात्रीनंतरच्या सकाळी.
कारण म्हणून प्रत्येकीपुढं एकच शब्द:
घरगुती.

शांतव्वाही त्यात होती. नाव नव्हतं.
वय त्रेपन्न, तारीख चौदा.
पोचा आलेली घागर आठवली,
आणि तिनं डॉक्टरला सांगितलेलं, ‘पाय सरकला बगा.’
पायरीचं नाव घेतलं नव्हतं तिनं.
काळोखाचंही नाही.

दिव्यांचा रकाना अकरावा. आमच्यापुढं कोरा.
म्हणजे तक्रारच नाही, की कुणी लिहिलीच नाही?
भोक नको असलेली पट्टी
आणि ठोकायची राहून गेलेली पट्टी
दिसायला सारखीच असते, हे मला
आठव्या वर्षी माहीत होतं.

अर्ज कानडीत लिहिला, भाच्याकडून तपासून घेतला.
खिडकीवरच्या हुक्केरीसाहेबांनी विचारलं,
‘कुठल्या संघटनेच्या?’
म्हटलं, गल्लीच्या.
त्यांनी कागद दोनदा वाचला.
मग स्वतःच्या आईच्या मनगटाबद्दल बोलले,
दोनच वाक्यं, हळू, मराठीत,
आणि शिक्का मारला.

सात आठवड्यांनी तीनपैकी एका खांबावर दिवा आला.
पाणी अजून दोन चाळीसलाच.
शांतव्वा कुरकुरते, ‘डोळ्यावर उजेड येतो, झोप कुटली.’
तरी उठते, डाव्या हातानं कळशी लावते,
आणि हाक घालते, ‘नीर बंतु!’ एका बाजूला,
‘पाणी आलं गं!’ दुसऱ्या.

राहायला चांगल्या शहरांच्या यादीत
आपलं कितवं, ते पेपरात आलं होतं.
वाचलं. विसरले.

तक्ता मात्र अजून उघडते.
अकराव्या रकान्यात आमच्यापुढं आता एक आकडा आहे.
कानडी एक:
जरासं उघडं राहिलेलं वर्तुळ,
पुठ्ठ्यावरच्या भोकाएवढं.