जनरेटर नावेत चढवताना

लग्नातला आहे हा सेट, निंगाप्पा.
अंकलीच्या मांडवांत घुमला,
मांजरीच्या उरुसात रात्रभर जागला,
कृष्णेवर आज पहिल्यांदाच.

पाणी चढतंय. सहा मोटारी अजून काठाला,
उजाडायच्या आत ओढून काढायच्यात
हॅलोजनच्या उजेडात. काढू.
आधी माझं ऐक.

मधे नको, मागच्या टोकाला ठेव,
सायलेन्सरचं तोंड वारा जातो तिकडे.
दोरानं फळीला आवळ.
ताडपत्री उंच बांध, चारी बाजू मोकळ्या.
पेट्रोल इथंच भर, सेट गार आहे तोवर;
कॅन राहू दे काठावर,
आणि ती विडी बाळव्वाकडे देऊन ये.
वायर पाण्यात लोंबू देऊ नको.
ट्रिपर उडाला तर लगेच चढवू नको,
का उडाला ते बघ.

"हौद्री मालक," म्हणतोस, हसतोस.

तीन वर्षांमागं माझा भाचा, कल्लू,
पावसाचा म्हणून टेम्पोचं दार लावून
चालू सेटशेजारी झोपला.
वास नाही, खोकला नाही.
आम्ही दार उघडलं तेव्हा
माळेतले बल्ब पेटलेलेच होते,
वरात कधीच पोचली होती.

दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही.
तिसऱ्याला काठ पिवळा झाला,
कमरेइतक्या पाण्यात बाभळी उभ्या दिसल्या.

नाव निघाली.
मी ओरडलो, त्या आवाजात तुला पोचलं नसेल:
डोकं जड वाटलं तर पहिल्यांदा बंद कर,
मोटार गेली तर
जाऊ दे नदीला.