डिकीतला सूक्ष्मदर्शक

सोमवार ते बुधवार मी आंबेखोलची,
गुरुवार ते शनिवार सुळेपेठेची.
आदेशात मी 'अतिरिक्त' आहे,
गणित-विज्ञान, दोन हायस्कुलांत मिळून एक.
मध्ये हिरण्यकेशी, तिच्यावर बंधारा,
आणि माझ्या स्कूटीच्या डिकीत, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला
एक सूक्ष्मदर्शक.
तोही दोन शाळांत मिळून एक.

विस्तार अधिकारी मगदूम साहेब म्हणाले,
तुम्ही दोन्हीकडं असता, तुम्हीच भरा.
तक्ता आखीव. डावीकडं एक शाळा, उजवीकडं दुसरी.
पटसंख्या, खोल्या, स्वच्छतागृह, निकाल.
तळाशी बोटभर जागा: शेरा.

आंबेखोल, दहावीला सात. निकाल शंभर टक्के.
कमानीवर फ्लेक्स, सातही फोटो,
आठवा सभापतींचा, सातांहून मोठा.
सुळेपेठ, चौसष्ट. नव्वद पॉइंट बासष्ट.
जे सहा राहिले त्यांची नावं तक्ता विचारत नाही.
मला हजेरीच्या क्रमानं पाठ आहेत.
त्यातला दस्तगीर आता काजूच्या कारखान्यात,
बोटं चिकानं काळी पडलीत.
परवा आठवडी बाजारात हाक मारून म्हणाला,
'मॅडम, त्या पायथागोरसला नमस्कार सांगा माझा!'

आंबेखोलच्या भिंती जांभ्या दगडाच्या, मेमध्येसुद्धा गार.
खिडकीतून कधी गवे दिसतात,
मग त्या दिवशी बीजगणित होत नाही.
सुळेपेठेला बारा संगणक आहेत,
उद्घाटनाच्या हळदीकुंकवासकट
प्लास्टिकखाली.
किल्ली हेडसरांकडं. हेडसर मीटिंगला.

आंबेखोलच्या मुली शाळा सुटल्यावर 'येतो मॅडम' म्हणतात.
सुळेपेठ बाजाराचं गाव,
तिथल्या 'येते' म्हणतात, जरा जपून.
मी मूळची बार्शीची.
परवा आईला फोनवर म्हणाले, 'ठेवतो आता.'
ती घटकाभर काही बोललीच नाही.
हे कुठल्या रकान्यात घालू?

ऑगस्टात बंधारा नऊ दिवस पाण्याखाली होता.
फिरून गेलं तर सत्तावीस किलोमीटर, त्यात रस्ता खचलेला.
मी आंबेखोलच्या अंगाला अडकले,
माझ्याबरोबर डिकीही.
सात जणांनी कांद्याची साल पाहिली, पुन्हा पाहिली,
मग खिचडी शिजवणाऱ्या यशोदा कांबळेंनी
एक डोळा गच्च मिटून पाहिली:
'आगं बया, ही तर विटांची भित!
रोज चिरतो मी, कवा दिसली न्हाई.'

पलीकडं घटक चाचणी व्हायची ती झालीच.
प्रश्न तोच. आकृती काढा, तीन गुण.
आल्विन बारदेस्करनं न पाहिलेली पेशी काढली,
षटकोनी, पोळ्यासारखी,
आणि प्रत्येक घरात केंद्रकाच्या जागी
एक लहानशी खिडकी, गज असलेली.
नावं बरोबर होती. आकृती साफ चूक.
लाल पेन उघडं ठेवून मी इतका वेळ बसले
की शाई वाळली.

दोन दिले.

पाणी उतरल्यावर गुरुवारी
त्याला पहिल्यांदा भिंगाशी बसवलं.
काचपट्टी तीच, घाईत धुवायची राहिलेली.
तो बराच वेळ वाकून राहिला. मागची मुलं ढकलायला लागली.
'मॅडम, काचेवर कुणाचं तरी बोट उमटलंय.'
सातांपैकी कुणाचं तरी असणार, किंवा यशोदाबाईंचं.
'पुसू?'
मी काही म्हणायच्या आत
त्यानं वहीत त्या बोटाच्या रेषा काढायला घेतल्या,
पेशींहून जास्त मन लावून.

मगदूम साहेबांचे दोन फोन येऊन गेले.
कुठली चालू ठेवायची, एवढंच सांगा म्हणाले, एका वाक्यात.
शेऱ्याच्या जागेत मी लिहिलंय:
सूक्ष्मदर्शक आणखी एक हवा.
जमत नसेल तर बंधारा चार फूट उंच करावा.