खुणा

बशीर म्हालदारला केबिनमधून झाड दिसत नाही,
मी दिसतो.
मी म्हणजे माझे दोन हात.
मधे अंगणवाडीची कौलं, विजेच्या तारा
(लाईन बंद आहे, वायरमननं दोनदा सांगितलं,
तरी तारेला आम्ही तारच समजतो),
आणि पलीकडे विहिरीवर ओणवी झालेली उंडी,
बांध ढासळल्यापासून दरसाल वीतभर झुकणारी,
एवढी मोठी
की तिला पडायला
अख्ख्या पाजपंढरीत जागा नाही.

म्हणून तिला खाली पाडायचं नाही.
वर न्यायचं.

तानू खापरे फांदीला पट्टा घालतो,
मागं सरतो, स्वतःला बुंध्याशी बांधून घेतो.
पट्टा ताठ झाल्याशिवाय करवत बोलत नाही.
"वढायचं नाय," बशीर सकाळीच म्हणाला,
"निस्तं धरायचं. फांदी सुटली
ह्ये फांदीला पन कळता नये."

तर्जनी वर, बारीक गोल : हळू.
अजून हळू.
मूठ : थांब.

अंदाज नऊशे किलोचा होता.
काट्यावर साडेअकराशे.
उंडी आतून ओली, आमचे हिशेब कोरडे.
बशीर काही बोलत नाही, बूम आखडून घेतो.
पुढचा तुकडा हातभर कमी.

फांदी छपरावरून जाते
तशी पानांत शिवलेली ओंबिलांची घरंही जातात,
कौलांवर दोन-तीन फळं
टप्. टप्.
तेवढंच नुकसान.

दोरीबाहेर होड्या बांधणारा नाना मेस्त्री
दिलेलं हेल्मेट काखेत धरून ओरडतो,
"तो बाक तोडू नका रे, त्यात माझा वांक हाय!"
त्याला झाडात झाड दिसतच नाही.

चार वाजता बुंधा ट्रकवर चढला.
चांगुणा चोगले विहिरीच्या काठाशी आली, वाकली,
वाकलेलीच राहिली.
ऊन थेट तळाला गेलं होतं,
आणि तळाशी काहीतरी गोल, हिरवं पडलेलं.
"माझी कळशी. धाकटा पोटात होता तवा सुटलेली."
(धाकटा पलीकडे उभा, मिशीवर भुसा.)

बशीर दिवसभरात पहिल्यांदा खाली उतरला.
डोकावून बघितलं त्यानं, गंभीरपणे विचारलं,
"वजन किती?"
"भरलेली का रिकामी?" चांगुणा म्हणाली.

तानूनं हुकाला विहिरीचा गळ बांधला.
बशीर केबिनमध्ये.
मी काठावर.
तर्जनी खाली, बारीक गोल.