लाल अक्षरं

त्सुबामेच्या नगरपालिकेत आज
सात नंबरच्या खिडकीशी उभी होते, तादाहिरो.
बाहेर गुडघाभर बर्फ, बुटांतून पाणी ठिबकत होतं,
आणि खिडकीतली मुलगी हळू आवाजात विचारत होती,
"नक्की हाच कागद हवाय ना तुम्हाला?"

हाच.
नवरा वारल्यावर
नवऱ्याच्या घरच्यांशी नातं संपवायचा.
एक पान. खाली एकच सही, माझी.
मी दोनदा विचारलं, दिरांची? सासूबाईंची?
नको म्हणाली. कुणाचीच नको.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा
कुणालाही न विचारता करायची गोष्ट हातात आली
आणि मला पेनच सापडेना.

तू वाईट नव्हतास.
हे मी त्या मुलीलाही सांगितलं, तिने विचारलं नसताना.
हात उगारला नाहीस कधी.
फक्त सासूबाई म्हणायच्या, भातात पाणी जास्त झालं,
दीर म्हणायचे, वहिनीच्या हाताला झिलईच जमत नाही,
आणि तू पेपरचं पान उलटायचास.
ते पान उलटल्याचा आवाज
अजून ऐकू येतो मला, तुझ्या आवाजापेक्षा स्पष्ट.

आंघोळ सगळ्यांच्या शेवटी.
आधी सासरे, मग तू, मग दीर,
मग सासूबाई.
आपला केंजी सात वर्षांचा झाला
त्या दिवसापासून तोही माझ्या पुढे.
त्याच टबात, त्याच पाण्यात, मग मी.
वर तरंगणारे केस वाटीने काढायचे
आणि उरलेल्या उबेत बसायचं.
दिवसाला बाराशे चमचे माझ्या हातांखालून जायचे,
प्रत्येकात माझा चेहरा,
उलटा.
पगाराच्या वहीत नाव नव्हतं.
घरच्या माणसाला कसला आलाय पगार?
नखांतली काळी भुकटी तेवढी माझी.

तू गेलास, आणि दगडावर तुझं नाव कोरलं.
शेजारी माझंही, लगोलग.
दोन्ही एकदम कोरली की स्वस्त पडतं, दीर म्हणाले.
तुझी अक्षरं काळी. माझी लाल,
लाल म्हणजे बाई अजून जिवंत आहे.
मेली की रंग काढायचा, एवढंच काम शिल्लक.
वर्षभर फुलं घेऊन येत राहिले
आणि दर खेपेला ते नाव
माझी वाट बघताना दिसलं.
वर मोठ्या अक्षरांत हासेबे.
मिनागावाची मुलगी होते मी.
हे त्या दगडाला कोण सांगणार?

लाल रंगाचं काय करायचं, दगडवाल्याला विचारेन.
बहुतेक म्हणेल, घरातल्या पुरुषमाणसाला घेऊन या.

सही केली. शिक्का बसला.
इतका छोटा आवाज.

घरी आले तर सासूबाई शेगडीपाशी,
वाळवलेलं पर्सिमॉन चघळत.
एकोणनव्वद वर्षं, दोनच दात,
त्यांच्या संध्याकाळच्या गोळ्या मी डबीत लावल्या,
सवयीने,
आणि मग लक्षात आलं,
कागदाच्या हिशेबाने या आता माझ्या कुणीच नाहीत.
तरी अर्धी गोळी मोडली, पाणी दिलं.
ही अर्धी गोळी कुठल्या खात्यात मांडायची
ते काही त्या पानावर लिहिलेलं नव्हतं.

सांगून टाकलं. सगळं.
बर्फ छपरावरून घसरून धप्पकन पडला
तेवढा वेळ त्या गप्प.
मला वाटलं, आता दिराला फोन लावायला सांगतील.
त्यांनी पर्सिमॉनची बी काढून बशीत ठेवली.
"हे गेले त्याला एकोणीस वर्षं झाली," म्हणाल्या.
"त्या कागदाला काही मुदत असते का गं?"

नसते, म्हटलं.

पर्समध्ये एक कोरा उरला होता.
चूक झाली तर असू दे, म्हणून त्या मुलीने दोन दिले होते.
मी पर्सकडे बघितलंही नाही, शपथ.
त्यांनी बघितलं.
आणि मग अंगठ्याने हनुवटी पुसत,
जसा रोज विचारतात तसाच विचारला प्रश्न,
"माझा चष्मा कुठे ठेवलायस?"